दुग्धपान प्रवेशिका, अनुत्तीर्ण

वारज्यातल्या अमृतवेल सोसायटीत राहणारे वैजनाथ इंगोले यांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी, संध्याकाळी पानावर बसताना, सुनेकडे एक पेला दूध मागितले. मागणी तोंडी होती. आवाज नरम होता. दूध घरात होते, पेला फडताळात होता, आणि गॅस नुकताच बदललेला होता. एवढी सगळी सिद्धता असताना या मागणीचा निकाल लागायला वर्ष जाईल, असे त्या वेळी कोणालाही वाटले नसते.

वैजनाथांची दुधाशी गाठ जुनी, पण लांबूनची. वाशीमकडच्या त्यांच्या गावात घरी गाय होती. तिचे दूध स्टँडावरच्या हॉटेलात जाई आणि पोरांच्या वाट्याला पातेल्याच्या बुडाची करपट खरवड येई. ती शिंपल्याने खरवडताना होणारा आवाज त्यांना अजून कधी कधी झोपेत ऐकू येत असे. पुढे भोसरीच्या कारखान्यात नोकरी लागली, लग्न झाले, अभिनव झाला. पिशवीतले दूध आधी पोराला आणि उरले तर चहाला. पोरगे वाढते आहे, आपण काय वाढून झालेलो, असे म्हणत त्यांनी आपला पेला पुढे ढकलला, तो ढकलत ढकलत निवृत्तीच्या दारात आणून ठेवला. केशर नको, बदाम नको. स्टीलचा पेला, चिमूटभर साखर, वर साय, आणि पिऊन झाल्यावर कुठेही जायची घाई नाही. माणसाचे स्वप्न याहून लहान असू शकत नाही. याहून लहान असले की त्याला सवय म्हणतात.

सून उत्कर्षा हिंजवडीला कंपनीत होती. हाताखाली माणसे होती, आणि घरी आल्यावर हाताखाली सासू-सासरे होते. ती मनाने वाईट नव्हती. वाईट असती तर दूध तेव्हाच मिळाले असते. वाईट माणसाला दुसऱ्याच्या पचनाशी काय देणेघेणे? पण तिला सासऱ्यांची काळजी होती, आणि नुकतेच तिने आयुर्वेदिक आहारावरचे एक ऑनलाइन व्याख्यान अर्धे ऐकले होते.

"बाबा, ताटात काय आहे?"

"मेथीची भाजी."

"भाजीत काय आहे?"

"मेथी."

"मीठ आहे ना, बाबा, मीठ! दूध आणि मीठ एकत्र? टोटल विरुद्धाहार आहे हा."

"मग असं कर, दूध आधी दे. जेवतो मागून."

"रिकाम्या पोटी? कफ होईल."

"मग जेवण झालं का दे."

"जेवल्या जेवल्या? आधीचं पचायच्या आत?"

"मग पचल्यावर देजो."

"पचेपर्यंत तुम्ही झोपलेले असता. झोपलेल्या माणसाला मी दूध कसं देणार? ठसका लागला तर?"

वैजनाथांनी मनातल्या मनात दिवस चाचपून पाहिला. दूध पिण्यास योग्य असा एकच क्षण त्यात होता, आणि त्या क्षणी ते घोरत असत.

"अगं पण सगळं गाव जन्मभर पिऊन राह्यलं..."

"जन्मभर चुकीचं पितात, बाबा. तुम्हीसुद्धा जन्मभर चुकीचंच प्यायलात."

"मी जन्मभर प्यायलोच नाही."

हे वाक्य त्या घरात कोणी ऐकले नाही. अभिनव घरातच होता, पण हेडफोन लावून होता, म्हणजे नव्हता. वैजनाथांच्या पत्नी सुशीलाबाईंनी मात्र पोळी वाढता वाढता ऐकले आणि ताटात तुपाची धार जरा जास्त सोडली. गरीब माणसाच्या बाजूने मत नोंदवण्याची ती त्यांची जुनी पद्धत.

पुण्यात एखादी गोष्ट माणसाला येते की नाही, हे ती करून ठरत नाही; तिचा क्लास लावून ठरते. उत्कर्षाने दुसऱ्याच दिवशी सदाशिव पेठेतल्या 'क्षीरबोध वर्गा'त सासऱ्यांचे नाव घातले. वर्गाचे संचालक आमोद सर पूर्वी स्कॉलरशिपचे क्लास घेत. मग ते हस्ताक्षर सुधारू लागले, मग स्मरणशक्ती वाढवू लागले, आणि सध्या लोकांना दूध प्यायला शिकवत. विषय बदलले, फळा तोच होता. ते वैद्य नव्हते. तसे कोणी विचारलेच, तर "मी वैद्य आहे असं कुठे लिहिलंय का? मग?" एवढे बोलून ते विचारणाऱ्याला अपराधी करून सोडत.

दारावर पाटी होती : 'चपला बाहेर. शंका त्याहून बाहेर.'

आत बाके भरलेली होती. निवृत्त बँक अधिकारी होते, गुडघ्याला पट्टे बांधलेल्या दोन मैत्रिणी होत्या, आणि स्पर्धा परीक्षेची काही मुले होती, जी कोणतीही परीक्षा सोडायची नाही या एकाच तत्त्वावर जगत होती. प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीने बांधलेला एक रिकामा पेला लटकत होता. लिहायला दोन्ही हात मोकळे हवेत आणि पेलाही डोळ्यांसमोर हवा, यातून काढलेली ती तोड होती.

"नवीन कोण?" आमोद सरांनी विचारले. "उभे राहा. दूध का प्यावे?"

"आवडते म्हणून," वैजनाथ म्हणाले.

मागे कोणीतरी पेन खाली ठेवले.

"आवड," आमोद सर सावकाश म्हणाले, "हा उत्तराचा भाग नाही. आवड हा आजार आहे. बसा. आणि प्रवेशिका उत्तीर्ण होईपर्यंत दुधाला हात लावायचा नाही."

"थोडंसुद्धा?"

"परवाना नसताना गाडी चालवता का तुम्ही?"

"मी नाही चालवत. पण आमच्याकडे वारज्यात सगळे चालवतात, सर."

"म्हणून तर मी वारज्यात राहत नाही."

अशा रीतीने वैजनाथांचे शिक्षण सुरू झाले. सकाळी ते वारज्याहून बस धरत आणि गळ्यात पेला घालून पेठेत उतरत. त्यांनी दुधाचे गुण पाठ केले, दोष पाठ केले, ऋतू पाठ केले. दुधाबरोबर काय खाऊ नये याची यादी पाठ केली. ती पाठ झाल्यावर लक्षात आले की दुधाबरोबर काय खावे, याची यादी वर्गात नव्हतीच. ती पुढच्या परीक्षेला होती. स्वतःची प्रकृती वात की पित्त की कफ, हे ओळखायचा तास झाला. वैजनाथ तिन्हींत बसले. सरांनी त्यांना 'इतर' म्हणून नोंदवले.

मग प्रात्यक्षिक. गळ्यातला रिकामा पेला सोडवायचा, दोन्ही हातांनी धरायचा, गाईचे स्मरण करायचे, नंतर मन शांत करायचे, नंतर घोट घ्यायचा. दूध या टप्प्यावर दिले जात नसे, कारण दुधाने विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होते असा अनुभव होता. सगळ्यांनी शांतपणे रिकामे पेले ओठांना लावले. वैजनाथांच्या बाकावरून मात्र 'फुर्र' असा आवाज आला.

"आवाज कसला?"

"गरम होतं, सर."

वर्ग हसला. आमोद सर हसले नाहीत. "वैजनाथराव, जे दूध नाही तेसुद्धा तुम्ही घाईने पिता. जे असेल त्याचं काय कराल?"

वैजनाथांनी पेला पुन्हा गळ्यात अडकवला. घरी येताना बसमध्ये त्यांना वाटले, खरंच की. इतक्या वर्षांचा हावरेपणा आपल्यात असेल, तर तो आधी गेलाच पाहिजे. शिक्षणाचा परिणाम व्हायला लागला होता.

सुशीलाबाई शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांतून गावातली एकही भानगड सुटली नव्हती, आणि तो वारसा त्यांनी फ्लॅटमध्येही चालवला होता. जाते नव्हते म्हणून त्या मिक्सर लावून गात. नवरा सकाळी पेला बांधून निघाला की स्वयंपाकघरातून सूर येई :

पिकल्या वयामंदी धनी निघाले शाळेला,
पाटी नाही, दप्तर नाही, रिता पेला गळ्याला.

"गाऊन घे," वैजनाथ म्हणत. "पास झालो का मग सांगीन."

"अहो, सून हापिसात गेली. पातेलं गॅसवर हाय. घ्या की गुपचूप एक पेला. मी काय आमोद सरला फोन लावते का?"

वैजनाथांनी पातेल्याकडे पाहिले. साय धरली होती, मधोमध किंचित फुगली होती, झोपलेल्या लेकराच्या पोटासारखी वरखाली होत होती. पण ज्या माणसाने कारखान्यातून कधी एक नट घरी आणला नाही, तो स्वतःच्या घरचे दूध चोरून कसे पिणार? "नाही," ते म्हणाले. "हक्काने पिईन." आणि पहिल्या परीक्षेत नापास झाले. 'दूध का प्यावे?' हा प्रश्न अनिवार्य होता, आणि त्यांनी पुन्हा तेच उत्तर लिहिले होते. सवय वाईट.

एकाच घरातला प्रश्न एकाच घरात राहिला तर ती सोसायटी कसली? उत्कर्षाने सासऱ्यांची प्रगती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. सेक्रेटरी रंगनाथराव यांनी त्यावर जोडलेल्या हातांचे चित्र टाकले, आणि त्याचा अर्थ ठराव असा धरला गेला. महिना संपायच्या आत अर्धी सोसायटी गळ्यात पेला घालून बसथांब्यावर उभी राहू लागली. आपण शिकतो आहोत आणि शेजारी न शिकता पितो आहे, हे दुःख सुशिक्षित माणसाला सहन होत नाही. सर्वसाधारण सभेत ठरले की यापुढे फाटकातून दूध आत येईल ते एकत्र येईल, आणि ज्यांनी प्रवेशिका उत्तीर्ण केली आहे त्यांनाच सोडले जाईल. ज्येष्ठ नागरिकांना सवलत असावी, अशी सूचना वैजनाथांनी मांडली. "ज्येष्ठांनाच तर जास्त धोका," रंगनाथराव म्हणाले, आणि सूचना आपोआप कठोर झाली.

दुधासाठी बजरंगला बोलावण्यात आले. बजरंगच्या घराण्याच्या जमिनीवर अर्धे वारजे उभे होते. उरलेल्या एका प्लॉटवर कोणी अतिक्रमण करू नये म्हणून त्याने गाई बांधल्या होत्या. गाई राखण करीत, आणि जाता जाता दूध देत. तो मोठ्या गाडीतून उतरला, गळ्यातला गोफ सारखा केला आणि आमोद सरांच्या अटी ऐकू लागला.

"गाय देशी हवी."

"देशीच हाय."

"पूर्वेकडे तोंड करून दोहायची."

"तोंड पूर्वेला हाय. मागून हायवे हाय."

"आणि गाईचं मन शांत पाहिजे. तणावातल्या गाईचं दूध आम्ही शिकवत नाही."

"गाईला कसलं टेन्शन वो, सर? टेन्शन मला हाय, रिंगरोडचं."

तरीही त्याने गोठ्यात स्पीकर लावला. पहाटे बासरी, दुपारी तानपुरा. गाई शांत झाल्या की नाही हे कळायला मार्ग नव्हता, पण शेजारच्या इमारतीतली माणसे बजरंगशी बोलेनाशी झाली. हे वर्तमान कळताच सुशीलाबाईंच्या मिक्सरने सूर धरला :

गाय बसली गोठ्यात, ऐके बासरीची धून,
दूध तिचं त्याला मिळे, जो गं आला पास होऊन.

पास मात्र फारसे कोणी होत नव्हते. आमोद सरांचा निकाल कडक होता. क्लासची कीर्ती निकालावर नसून नापासांच्या संख्येवर असते, हे ते स्कॉलरशिपच्या दिवसांपासून जाणून होते. तेव्हा दूध रोज येई, आणि फाटकाशी तसेच राही. फाटकावरच्या दुधाला मांजरेसुद्धा बिचकू लागली. इतके शुद्ध, शांत, पूर्वाभिमुख दूध वाया जाणे पाप. म्हणून बजरंग ते संध्याकाळी गाडीत घालून पेठेत नेऊ लागला, आणि क्षीरबोध वर्गाच्या बरोबर खाली असलेल्या पियुषच्या दुकानात ओतू लागला. पियुष आमोद सरांचा मेहुणा. दुकान मस्तानीचे.

वैजनाथांना हे कळले ते योगायोगाने. दुसऱ्यांदा नापास झाल्याचा निकाल पाहून ते जिना उतरले, तर खाली सगळा वर्ग उभा. बँक अधिकारी, गुडघ्यावाल्या मैत्रिणी, स्पर्धा परीक्षेची मुले. गळ्यात रिकामे पेले, हातात उंच ग्लास. ग्लासात आंबा, वर आईस्क्रीमचा गोळा, त्यावर काजू-पिस्ते आणि एक लाल चेरी. मधोमध आमोद सर, मिशीला पिवळी किनार.

"सर," वैजनाथ म्हणाले, "हे... दूधच ना?"

"ही मस्तानी आहे."

"पण तिच्यात दूध असतं."

"दाखवा."

वैजनाथांनी ग्लासात डोकावून पाहिले. आंबा दिसला, काजू दिसले.

"दिसत नाही ना? मग."

"पण फळ आणि दूध एकत्र म्हणजे विरुद्धाहार. पाठ तिसरा, सर. तुम्हीच शिकवलात."

आमोद सरांनी चेरी खाल्ली आणि बी सभ्यपणे हातात घेतली. "वैजनाथराव, तुमची हीच अडचण आहे. पाठ तिसरा दुधावर आहे. मस्तानी अभ्यासक्रमात नाही. जे अभ्यासक्रमात नाही, त्याचे दुष्परिणाम कसे होतील? पियुष, काकांना एक द्या."

पियुषने ग्लास पुढे केला. वैजनाथांनी तो दोन्ही हातांनी धरला. गार होता. दात ठणकतील इतका गार. त्यांना गार नको होते. त्यांना हाताला चटका बसणारा, फडक्यात धरावा लागणारा, फुंकर मारली की साय सुरकुतणारा पेला हवा होता. त्यांनी ग्लास परत दिला. बँक अधिकारी म्हणाले, "काय हे काका, इतकं कशाला मनाला लावून घ्यायचं?" आणि त्यांच्या नाकाखालीही पिवळी किनार उगवलेली होती.

वर्षअखेर आली. क्षीरबोध वर्गाने पहिला दीक्षान्त समारंभ जाहीर केला, आणि आदर्श दुग्धपायी निवडून त्याला 'क्षीररत्न' द्यायचे ठरवले. त्यासाठी उत्तीर्णांच्या घरी निरीक्षक गेले. निकाल भीषण होता. एका उत्तीर्ण गृहस्थाच्या फ्रिजमध्ये शिकरण सापडले. एका बाईंनी कुळथाच्या पिठल्यावर दूध घेतल्याचे नातवाने सांगून टाकले. रंगनाथरावांनी कसेबसे उत्तीर्ण होऊन पहिल्याच संध्याकाळी दुधाची कॉफी चिवड्याबरोबर घेतली होती, आणि चिवड्यात मीठ असते हे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते, असा त्यांचा बचाव होता. ज्याने ज्याने दूध घेतले होते, त्याच्या त्याच्या हातून काही ना काही घडले होते.

मग निरीक्षक अनुत्तीर्णांकडेही गेले, तेव्हा एकच माणूस निघाला, ज्याच्या हातून वर्षभरात दुधाबाबत एकही चूक झाली नव्हती. मिठाबरोबर नाही, फळाबरोबर नाही, अवेळी नाही, उभ्याने नाही. निरीक्षकांनी सुशीलाबाईंना खोदून खोदून विचारले.

"काका दूध कधी घेतात?"

"घेत नाहीत."

"रात्री?"

"नाही."

"आजारपणात?"

"बापा, तुम्ही देता का एक पेला? आता लगेच घेतील."

निरीक्षकांनी शेवटचे वाक्य लिहून घेतले नाही. वैजनाथ इंगोले, अनुत्तीर्ण, यांना क्षीररत्न जाहीर झाले. उत्कर्षाने ऑफिसातून लगेच फोन केला. "बाबा, आय ॲम सो प्राउड!" वैजनाथांना त्यातला अभिमान कळला नाही. त्यांना फक्त एक ओळ कळली होती, निमंत्रणाच्या तळाशी छापलेली : क्षीररत्न महोदय व्यासपीठावर सर्वांसमक्ष आदर्श दुग्धपान करतील.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगितले, "देऊन राह्यले एक पेला."

"मिळतो का बघा," सुशीलाबाई म्हणाल्या, पण धुतलेला सदरा त्यांनी स्वतः इस्त्री केला.

सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत उत्कर्षा फोन उंच धरून बसली होती. शेजारी अभिनव होता, चक्क हेडफोनशिवाय, आणि त्यामुळे थोडा उघडा पडल्यासारखा दिसत होता. वैजनाथांना शाल घातली, नारळ दिला, डोक्यावर पगडी ठेवली. पगडी कानांवर उतरली तेव्हा टाळ्या जरा मंद ऐकू आल्या, पण त्या आपल्यासाठी आहेत हे त्यांना दिसत होते. जन्मभर ते उभे राहिले आणि दुसरे बसले. आज ते बसले होते आणि सगळे सभागृह उभे होते.

मग पेला आला. बजरंग स्वतः घेऊन आला, चांदीच्या तबकात. "शांत गाईचं हाय, काका," तो हळूच म्हणाला. "आज बासरीसुद्धा लावली न्हाय. म्हणून शांत हाय."

पेला स्टीलचा होता. वाफ येत होती. साय धरली होती. वैजनाथांनी पेल्याला शालीचे टोक गुंडाळले, पेला वर उचलला, आणि फुंकर मारली. साय सुरकुतली. करपट खरवडीपासून इथपर्यंतचा सगळा रस्ता त्या एका सुरकुतीत आला. त्यांनी ओठ उघडले.

व्यासपीठावर निरीक्षकांनी पेन्सिली उचलल्या.

"वैजनाथराव," आमोद सर माईकवर हात ठेवून, कानाशी वाकून म्हणाले, "घ्या, अवश्य घ्या. तुमचा हक्कच आहे. फक्त कळवून ठेवतो, घेतलंत की आम्हाला तपासावं लागेल. आजवर तुमची चूक नाही, कारण तुमचा घोटच नाही. घोट घेतलात की तुम्ही रंगनाथरावांच्या रांगेत. पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून तुमचंच नाव सुचवणार होतो, पण ते आपलं असंच. घ्या, गार होईल."

वैजनाथांनी समोर पाहिले. रंगनाथराव शेवटच्या रांगेत, खांबाआड बसले होते. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. मग वैजनाथांनी खाली पाहिले. साय. मग पुन्हा समोर. उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी होते. अभिनवने बापाकडे असे कधी पाहिले नव्हते. दूध पीत होता त्या वयातसुद्धा नाही, कारण तेव्हा तो पेल्यात पाहत असे. आणि निरीक्षकांच्या पेन्सिली कागदाला टेकल्या नव्हत्या, पण टेकणार होत्या.

पहिल्या रांगेतून, अगदी हळू, मिक्सरच्या साथीशिवाय, ओळखीचा सूर आला :

साय धरली दुधानं, जशी मायेची चादर,
ओठ उघडता धन्याचे, आडवा आला आदर.

वैजनाथांनी पेला खाली ठेवला.

सभागृह कोसळावे तशा टाळ्या झाल्या. "याला म्हणतात संयम!" कोणीतरी ओरडले. आमोद सरांनी माईक घेतला आणि दुग्धपानाची सर्वोच्च पायरी म्हणजे दुग्धत्याग, हे सूत्र तिथल्या तिथे तयार करून जाहीर केले. माणसे डोळे पुसत होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी दुपारीच पियुषच्या दुकानात नंबर लावून ठेवला होता.

टाळ्या चालू असतानाच सुशीलाबाई पदर खोचून व्यासपीठावर चढल्या. कोणी अडवले नाही. क्षीररत्नांच्या पत्नी, ओवाळायला आल्या असतील, असे सर्वांना वाटले. त्यांनी पेला उचलला, सायीसकट तोंडाला लावला, आणि तळ दिसेपर्यंत खाली आणला नाही. मग पदराने ओठ पुसले.

टाळ्या थांबल्या. पेन्सिली चालू झाल्या.

वैजनाथ पगडीखालून, कोणाला ऐकू जाणार नाही असे म्हणाले, "कसं होतं गं?"

"दुधासारखं," सुशीलाबाई म्हणाल्या. आणि मग, त्यांचा चेहरा पाहून, जरा हळू आवाजात, "थोडी साखर कमी होती. तुमच्या मनासारखं नव्हतंच."

नवऱ्याशी इतके प्रेमळ खोटे त्या बोलल्याचे तिथे कोणाच्याच लक्षात आले नाही. उत्कर्षाच्या फोनमध्ये मात्र सगळे आले होते, आणि संध्याकाळपर्यंत ते पुणेभर फिरले. त्याखाली लोकांनी भरभरून लिहिले. माउलींनी उभ्याने प्यायला नको होते. एका दमात तर मुळीच नको होते. साय वेगळी काढायची असते. प्रकृती कफाची दिसते, हनुवटीवरून कळते. वैजनाथ इंगोले आता परीक्षक झाले असून त्यांनी त्या पेल्याबद्दल स्वतःच्या पत्नीला नापास केले आहे, आणि ते ज्या तटस्थपणाने केले त्याबद्दल त्यांचे सर्वत्र कौतुक झाले. एका माणसाला एका पेल्याची हौस होती आणि ती राहून गेली, एवढे मात्र कोणी लिहिले नाही.

सुशीलाबाईंनी पेला कोणत्या हाताने उचलला, याचा उल्लेख वर मुद्दामच केलेला नाही. आपण तो शोधायला आत्ता मागे वळून पाहिले असेल, तर कळवण्यास आनंद वाटतो की सदाशिव पेठेत नव्या तुकडीचे प्रवेश सुरू आहेत. पेला घरून आणावा. रिकामा.